तीन मिलिमीटर खाली

दाढेच्या जागी बसवलेलं इम्प्लांट तुटतं, त्या क्षणी तोंडात बहुधा विशेष काही घडत नसतं. सुपारी चावताना तुटलं, चिक्कीने घात केला, असं पेशंट सांगतो आणि ते खोटं नसतं. पण तो घास निमित्तमात्र असतो. तुटलेला तुकडा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ठेवला की खरा इतिहास दिसतो. आट्याच्या तळाशी एखादी बारीक जागा, तिथून आत सरकत गेलेल्या समांतर रेषा, आणि पलीकडच्या कडेला खरखरीत, ओरबाडल्यासारखा छोटा पट्टा. तो पट्टा म्हणजे शेवटचा घास. बाकीचा सगळा भाग महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं कापला जात होता. पेशंटला त्याची जाणीव नव्हती, आणि एक्सरेतही काही दिसत नव्हतं.

माणूस वर्षाला किती वेळा चावतो याचे अंदाज वेगवेगळे आहेत. डिझाइनसाठी अडीच लाख ते दहा लाख असा पल्ला धरतात. चावण्याचा नेहमीचा जोर दाढेवर शंभर-दोनशे न्यूटनच्या आसपास असतो. जोर लावून दात दाबले तर तो सातशे-आठशेपर्यंत जातो, आणि रात्री झोपेत दात खाणाऱ्या माणसाचे स्नायू त्या वरच्या आकड्यांशी खेळत असतात. एका घासाने टायटॅनियमचं काही बिघडत नाही. दहा लाख घासांनी बिघडू शकतं. हाडाला सूक्ष्म भेग पडली तर तिथल्या पेशी ती खाऊन टाकतात आणि नवं हाड भरतात. धातूत अशी सोय नाही. त्यात पडलेली चीर वाढते किंवा थांबते, भरून मात्र येत नाही.

हे ज्ञान दंतवैद्यकाचं नाही, रेल्वेचं आहे. १८४२ साली व्हर्सायजवळ आगगाडीच्या इंजिनाचा आस तुटून मोठा अपघात झाला. पुढे प्रशियाच्या रेल्वेत काम करणाऱ्या ऑगस्ट व्होलर यांनी १८५०-६०च्या दशकांत आसांवर वर्षानुवर्षं फिरते भार देऊन दाखवून दिलं की एका वेळी सहज पेलणारा भार पुन्हा पुन्हा दिला तर तोच भार लोखंड तोडतो, आणि भाराच्या चढउताराचा पल्ला जितका मोठा तितक्या लवकर तोडतो. इम्प्लांटच्या डिझाइनची सगळी धडपड या पल्ल्याभोवती फिरते. घासाचा जोर आपल्या हातात नाही. त्या जोराने धातूच्या नेमक्या कमकुवत जागी ताण किती वरखाली होईल, तेवढंच ठरवता येतं.

आधी भाग ओळखून घेऊ. हाडात जातं ते मुख्य इम्प्लांट : बाहेरून आटे असलेला, साधारण साडेतीन ते पाच मिलिमीटर जाडीचा आणि आठ ते तेरा मिलिमीटर लांबीचा टायटॅनियमचा खुंट. त्याच्या आत वरून भोक, त्यात बारीक आटे. भोकात बसतो तो अबटमेंट, म्हणजे हिरडीतून वर येणारा जोडभाग. अबटमेंटला आत खेचून धरतो तो दीड ते दोन मिलिमीटर जाडीचा स्क्रू. सगळ्यांत वर कॅप. थकव्याच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या भाराने तुटण्याच्या, दृष्टीने यात दोन दुबळ्या जागा आहेत : तो स्क्रू, आणि स्क्रूसाठी पोखरलेली इम्प्लांटची मान.

या पोखरलेपणाला इतिहास आहे. स्वीडनमधल्या गोथेनबर्गला पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली पहिल्या पेशंटच्या खालच्या जबड्यात टायटॅनियमचे खुंट बसवले. ते चाळीस वर्षांहून जास्त टिकले. त्यांच्या इम्प्लांटची जाडी ३.७५ मिलिमीटर, आणि वर फक्त ०.७ मिलिमीटर उंचीचा षटकोन. हा षटकोन मुळात इम्प्लांट हाडात फिरवून बसवायला पाना लागावा म्हणून होता. त्या वेळचं काम होतं पूर्ण बोळक्या जबड्याचं : चार-सहा इम्प्लांट, त्यांवर एकच सलग पट्टी. तिथे एखाद्या इम्प्लांटला वाकवणारा जोर फारसा येत नाही, शेजारी वाटून घेतात. पुढे हेच इम्प्लांट एकट्या दाढेसाठी वापरायला लागले. मग तो ०.७ मिलिमीटरचा ठेंगणा षटकोन कॅप डुगडुगायचं थांबवणार कसा? सगळा भार स्क्रूवर आला आणि स्क्रू ढिले पडू लागले. १९८६च्या सुमारास अमेरिकेत जेराल्ड निझनिक यांनी षटकोन आत खोल नेला. स्वित्झर्लंडच्या आयटीआय (इंटरनॅशनल टीम फॉर इम्प्लांटॉलॉजी) पद्धतीत ८ अंशांचा शंकू आला. जोड आत गेल्यामुळे अबटमेंटला खोलवर आधार मिळाला. त्याची किंमत इम्प्लांटच्या भिंतीने मोजली. भोक मोठं झालं आणि भिंत पातळ. तेव्हापासून ही ओढाताण सुरू आहे : स्क्रू जाड करावा तर भिंत पातळ होते, भिंत जाड करावी तर स्क्रू बारीक होतो. बाहेरची जाडी वाढवायला हाडात जागा नसते. शेवटी सगळा तंटा एका मिलिमीटरच्या दशांशांवर येतो.

माझं ठाम मत असं की डिझाइन करायचं ते बसवलेल्या दिवशीच्या इम्प्लांटचं नसतंच. त्या दिवशी मानेभोवती घट्ट हाड असतं, पातळ भिंतीला बाहेरून मिठी असते, त्यामुळे जवळजवळ कोणतंही इम्प्लांट चांगलं ठरतं. विचार करायचा तो हाड खाली उतरल्यानंतरच्या इम्प्लांटचा. १९८६ साली टोमास आल्ब्रेक्टसन आणि सहकाऱ्यांनी यशस्वी इम्प्लांटचे निकष मांडले. त्यांत पहिल्या वर्षानंतर दरसाल ०.२ मिलिमीटरपेक्षा कमी हाड उतरावं असं होतं, आणि पहिल्या वर्षातले दीड मिलिमीटर प्रघाताने माफ धरले जात. आता हिशेब करा. दीड अधिक दरसाल ०.२, म्हणजे नवव्या वर्षाच्या आतबाहेर हाड तीन मिलिमीटर खाली. म्हणजे कागदावर 'यशस्वी' असलेलं इम्प्लांट तीन मिलिमीटर उघडं पडलेलं असू शकतं. आजच्या इम्प्लांटांत हाड याहून कमी उतरतं, पण हिरडीचा आजार झाला की हा हिशेब पुन्हा खरा होतो.

आयएसओ १४८०१ या चाचणी-मानकाने नेमकं हेच गृहीत धरलं आहे. इम्प्लांट साच्यात असं रोवायचं की साच्याचा काठ निर्मात्याने सांगितलेल्या हाडाच्या पातळीपेक्षा ३ मिलिमीटर खाली राहील. भार अक्षाशी ३० अंशांच्या कोनात. भार देणारी टोपी अर्धगोल, तिचं केंद्र आधाराच्या पातळीपासून ११ मिलिमीटरवर. भार शिखरापासून शिखराच्या दहा टक्क्यांपर्यंत खाली येतो आणि पुन्हा चढतो. हे सगळं वाचताना रूक्ष वाटतं, पण त्यातला एकेक आकडा अनुभवातून आलेला आहे.

त्याच आकड्यांवर हातानेच गणित करून बघू. संगणक लागत नाही. समजा भार ३०० न्यूटन. ३० अंशांमुळे वाकवणारा हात (तरफेची लांबी) ११ चा निम्मा, साडेपाच मिलिमीटर. वाकवण्याचा जोर झाला १६५० न्यूटन-मिलिमीटर. इम्प्लांट कॅटलॉगमध्ये ४ मिलिमीटरचं, पण आटे ०.३५ मिलिमीटर खोल आहेत, म्हणजे दरीपासून दरीपर्यंत धातू उरतो ३.३ मिलिमीटर. आतलं भोक आट्यांसकट २ मिलिमीटर धरू. पोकळ नळीचं शाळकरी सूत्र लावलं की बाहेरच्या कडेला वाकवण्याचा ताण येतो सुमारे ५४० मेगापास्कल. भाराचा उभा घटक दाबाचा ४८ मेगापास्कल देतो, तो ताणल्या बाजूने वजा केला तरी ४९० च्या आसपास उरतो.

आता भोक २ ऐवजी २.५ मिलिमीटर करा. भिंत ०.६५ वरून ०.४ मिलिमीटर झाली आणि वाकवण्याचा ताण गेला जवळजवळ ७०० वर. उलट, इम्प्लांट ४.८ मिलिमीटरचं घ्या, दरीपाशी ४.१, भोक तेच २. ताण उतरून २६० च्या खाली. जाडीत ०.८ मिलिमीटरची वाढ आणि ताण निम्म्याहून कमी, कारण इथे व्यास तिसऱ्या-चौथ्या घातात काम करतो. लांबी वाढवून यातलं काहीही मिळत नाही. दाढेच्या जागी अरुंद इम्प्लांट लांब घेतलं म्हणून ते मजबूत झालं, ही समजूत अजून ऐकू येते. लांबी हाडातल्या पकडीसाठी असते. मान तुटायची ती तुटतेच.

हाड पूर्ण असताना ते ११ मिलिमीटरचं अंतर ८ असतं, म्हणजे वाकवण्याचा जोर १६५० ऐवजी १२००. तीन मिलिमीटर हाड गेल्याने जोर सदतीस टक्क्यांनी वाढला. आणि तेवढ्यावर भागत नाही, कारण सर्वाधिक जोराची जागाही खाली सरकली. कुठे? बऱ्याच इम्प्लांटांत अबटमेंटचा स्क्रू वरच्या काठापासून तीन ते पाच मिलिमीटरवर संपतो. आतल्या आट्याची दरी आणि बाहेरच्या आट्याची दरी समोरासमोर येऊन भिंत जिथे सर्वांत पातळ होते, ती जागाही तिथेच. उतरत गेलेलं हाड ताणाचं शिखर नेमकं या जागी आणून सोडतं. तुटलेली इम्प्लांटं स्क्रूच्या शेवटच्या आट्याजवळ तुटलेली आढळतात ती यामुळे.

यावर ड्रॉइंगच्या टेबलावर करता येण्यासारखं बरंच आहे. स्क्रूचं भोक जितकं आखूड ठेवता येईल तितकं ठेवायचं, म्हणजे तीन मिलिमीटरच्या पातळीला धातू भरीव मिळेल. ते जमत नसेल तर भोकाचा शेवट त्या पातळीच्या बराच खाली न्यायचा आणि मधल्या भागात आतले आटे न काढता गुळगुळीत भोक ठेवायचं. आतली आणि बाहेरची दरी एका पातळीत येणार नाही इतपत पिचचं (लगतच्या दोन आट्यांमधल्या अंतराचं) गणित बसवायचं. मानेजवळ बारीक, उथळ आटे घेतले तर धातू कमी कापला जातो आणि हाडालाही ते मानवतात. खोल आटे खालच्या भरीव भागात, मऊ हाड असतं तिथे. भोकाच्या तळाला ड्रिलचं टोक सोडून जाणारा तीक्ष्ण कोपरा गोल करायचा.

गोल करण्याचा हा मुद्दा आट्याच्या दरीला सगळ्यांत जास्त लागू होतो. खाचेपाशी ताण किती पट होतो ते सांगणाऱ्या इंग्लिस यांच्या १९१३ सालच्या सूत्राने ०.३५ मिलिमीटर खोल खाचेच्या तळाची त्रिज्या ०.०५ असेल तर ताण सहापटीच्या वर जातो. तीच त्रिज्या ०.१५ केली तर चौपटीवर येतो. शेजारी शेजारी खाचा असल्या की त्या एकमेकींना थोडं झाकतात, म्हणून प्रत्यक्षात आकडे याहून कमी असतात. पण एका टूलच्या टोकाने जवळजवळ एक तृतीयांश ताण उतरतो हे खरंच आहे. गंमत म्हणजे ही त्रिज्या कॅटलॉगमध्ये कधी छापलेली नसते. आणि ड्रॉइंगवर ०.१५ लिहिलं म्हणून ती तुकड्यावर येतेच असंही नाही. टायटॅनियम उष्णता फारशी वाहून नेत नाही, टूलचं टोक तापतं, झिजतं, आणि पाचशेव्या जॉबची दरी पहिल्या जॉबसारखी राहत नाही. लेथवर टूल बदलायचा आकडा जाडीच्या टॉलरन्सवरून (किती फरक चालेल त्यावरून) ठरवतात. तो दरीच्या त्रिज्येवरून ठरवायला हवा, आणि त्यासाठी अधूनमधून एक इम्प्लांट उभं कापून, पॉलिश करून मायक्रोस्कोपखाली बघायला हवं. आतला षटकोन ठोकून काढतात तेव्हा त्याच्या सहा कोपऱ्यांत उभे ओरखडे आणि बर (धातूचे बारीक काटे) राहतात. तिथून सुरू झालेली उभी चीर मान फाडत खाली जाते. षटकोनाचे कोपरेही गोलच हवेत.

पृष्ठभागाचं प्रकरण जरा अवघड आहे. हाड चिकटावं म्हणून पृष्ठभाग खडबडीत करतात : ॲल्युमिनाच्या पाव ते अर्धा मिलिमीटरच्या कणांचा मारा, मग आम्लाने खोदणं. माऱ्याने धातूच्या वरच्या थरात दाब साठतो आणि तो चीर उघडू देत नाही. थकव्यासाठी हे चांगलंच. पण तेच कण धातूत रुतून बसतात आणि त्यांच्या कडेला लहानशा भेगाही होतात. हैफाच्या टेक्निऑन संस्थेतल्या संशोधकांनी रुग्णांच्या तोंडातून काढलेली इम्प्लांटं तपासली तेव्हा वरून धड दिसणाऱ्या अनेकांवर अशा भेगा आढळल्या. आम्ल जास्त वेळ किंवा जास्त गरम राहिलं तर टायटॅनियम हायड्रोजन शोषतं आणि ठिसूळ हायड्राइड तयार होतं. म्हणून माऱ्याचा दाब, अंतर, कणांचा ताजेपणा, आम्लाचं तापमान हे सगळं थकव्याच्या चाचणीशी बांधलेलं असायला हवं. गुळगुळीत नमुन्यावर चाचणी आणि विक्री मात्र खडबडीत इम्प्लांटची, असं चालत नाही.

धातू कोणता, हा प्रश्न विक्रीच्या पत्रकात पहिला असतो. माझ्या मते तो तिसरा-चौथा आहे. शुद्ध टायटॅनियमचा चौथा ग्रेड साध्या अवस्थेत किमान ५५० मेगापास्कलला तुटतो. थंड अवस्थेत ओढून कडक केलेले रॉड त्याहून बरेच वर जातात, आणि इम्प्लांट बहुधा त्यांतूनच होतात. सहा टक्के ॲल्युमिनियम, चार टक्के व्हॅनेडियमचा मिश्रधातू ८६० च्या पुढे. साधारण १५ टक्के झिर्कोनियम घातलेलं टायटॅनियम २००९ पासून अरुंद इम्प्लांटांसाठी वापरात आहे, आणि ३.३ मिलिमीटरच्या मापात त्याचा उपयोग खराच आहे. पण थकव्याची मर्यादा तुटण्याच्या मर्यादेच्या निम्म्याच्या आसपास असते, तीही गुळगुळीत नमुन्यावर. मघाचा ४९० मेगापास्कलचा तुकडा घ्या. भार दहा टक्क्यांपर्यंत उतरतो, म्हणजे सरासरी ताण २७० आणि वरखाली २२०. गुडमनच्या रेषेवर (सरासरी आणि वरखाली ताण आपापल्या मर्यादेने भागून बेरीज करायची, १ म्हणजे कडा) तुटण्याची मर्यादा ७५० आणि थकव्याची ३५० धरली तर बेरीज ०.९९ येते. म्हणजे कडेलोटाच्या टोकावर, आणि यात आट्याच्या खाचेचा गुणक अजून धरलेलाच नाही. धातू बदलून वीस-तीस टक्के मिळतात. भिंत आणि दरी नीट केली तर त्याहून जास्त मिळतं, तेही फुकट.

झिर्कोनियाच्या, म्हणजे सिरॅमिकच्या, पांढऱ्या इम्प्लांटांबद्दल इथे एवढंच : ते वाकत नाही, चीर सुरू झाली की थेट दोन तुकडे. दोन भागांच्या झिर्कोनिया इम्प्लांटची पातळ मान मला अजून पटलेली नाही.

आता स्क्रू. सगळ्यांत जास्त गैरसमज इथे आहेत. मान तुटण्याचं प्रमाण शंभरात एक किंवा त्याहूनही कमी असतं. स्क्रू ढिला पडण्याच्या तक्रारी कितीतरी जास्त. आणि मान तुटण्याची गोष्टही पुष्कळदा ढिल्या स्क्रूपासून सुरू होते.

स्क्रू भार पेलण्यासाठी नसतो. तो अबटमेंटला इम्प्लांटवर आवळून धरण्यासाठी असतो. आवळताना तो किंचित लांबतो, आणि त्या लांबण्यातून जो खेच तयार होतो त्याला प्रीलोड म्हणतात. जोपर्यंत घासाचा जोर या आवळीपेक्षा कमी आहे तोपर्यंत अबटमेंट आणि इम्प्लांटचे पृष्ठभाग एकमेकांना सोडत नाहीत, आणि घासाचा भार बहुतांशी त्यांच्यातूनच जातो. स्क्रूच्या वाट्याला त्यातला लहानसा हिस्सा येतो. त्याच्यातला ताण मोठा असतो, पण स्थिर असतो. आवळ कमी पडली की जोडाची एक बाजू प्रत्येक घासाला केसभर उघडते आणि मिटते. त्या दिवसापासून पूर्ण घास स्क्रूवर, प्रत्येक वेळी शून्याजवळून शिखरापर्यंत. व्होलरच्या आसाची गत.

किती आवळ मिळते? ३० न्यूटन-सेंटिमीटर टॉर्क (पिळण्याचा जोर), स्क्रू १.८ मिलिमीटरचा, पिच ०.३५. घर्षण नसतं तर खेच ५३०० न्यूटनच्या पुढे गेला असता. प्रत्यक्षात टॉर्कचा साधारण निम्मा भाग स्क्रूच्या डोक्याखालचं घर्षण खातं, चाळीस टक्के आट्यांतलं; हाती राहतात दहा टक्के, म्हणजे पाचशे-साडेपाचशे न्यूटन. याचा अर्थ असा की घर्षणात जरासा फरक पडला तरी आवळ बदलते. आट्यांत रक्त किंवा लाळ सुकली, आतला आटा खरडला, स्क्रू चार वेळा उघडून लावला, तर रेंच ३० दाखवत असतानाही आवळ वेगळीच असू शकते. टायटॅनियमवर टायटॅनियम घासलं की ते चिकटतं, ओरबाडतं. म्हणून स्क्रूवर सोन्याचा किंवा हिऱ्यासारख्या कार्बनचा थर देतात. स्क्रूचं डोकं शंकूच्या आकाराचं असेल तर ते बैठकीत रुतून टॉर्क गिळतं, सपाट बैठकीचं डोकं जास्त टॉर्क खेचाला देतं. स्क्रूचा दांडा लांब आणि आट्यापेक्षा किंचित बारीक असावा. लांब दांडा जास्त लांबतो, त्यामुळे जोड काही मायक्रॉन बसला तरी सगळी आवळ जात नाही. आटे मात्र पाच-सहा पुरतात. भार पहिल्या दोन-तीन आट्यांवरच असतो, पुढचे भरतीचे.

जोड बसतो म्हणजे काय, तेही सांगायला हवं. मशीनवर कितीही गुळगुळीत केले तरी पृष्ठभागांवर सूक्ष्म उंचवटे असतात. आवळल्यावर ते चेपतात आणि पहिल्या काही मिनिटांत आवळीचे दोन ते दहा टक्के जातात. म्हणून दहा मिनिटं थांबून त्याच टॉर्कला पुन्हा आवळायचं. क्लिनिकमध्ये ही दहा मिनिटं सगळ्यांत आधी वाचवली जातात. लॅबमध्ये कॅप बनवताना वापरलेला स्क्रू तोंडात लावायचा नाही, अंतिम कॅपला नवा स्क्रू. टॉर्क रेंच वारंवार ऑटोक्लेव्हमधून (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून) गेली की तिची स्प्रिंग आणि सांधे बदलतात. ठरावीक काळाने ती तपासून घ्यावी.

शंकूच्या जोडात सपाट जोडासारखी फट उघडत नाही. ८ अंश, ११ अंश, कुठे फक्त दीड अंश आणि स्क्रूच नाही. भिंती एकमेकींना घट्ट धरतात, वाकवणारा जोर शंकूच घेतो, स्क्रू बराचसा निवांत राहतो. सैल करायला लागणारा टॉर्कही आवळण्याच्या टॉर्कच्या जवळपास राहतो. पण कुऱ्हाडीच्या दांड्यात ठोकलेली पाचर दांडा घट्ट करते तशी जास्त ठोकली की लाकूड फाडतेही. शंकूही प्रत्येक घासाला किंचित खोल जातो आणि इम्प्लांटची भिंत आतून बाहेर ढकलतो. भिंत पातळ असेल तर मानेवर गोलाकार ताण येतो आणि उभी चीर पडते. शिवाय शंकू खाली गेला की स्क्रूचा खेच कमी होतो, म्हणून इथेही पुन्हा आवळणं आलं. शंकूचे दोन कोन एकमेकांशी अंशाच्या काही साठाव्या भागांनी जरी चुकले तरी तो वरच्या किंवा खालच्या एका कड्यावरच टेकतो, आणि मग शंकूचा फायदा कागदावरच राहतो.

स्वस्त पर्यायी अबटमेंट इथेच घात करतात. षटकोन बसतो, कॅप छान दिसते, एक्सरेत फट नाही. पण शंकूचा कोन किंवा स्क्रूच्या बैठकीचा आकार मूळ इम्प्लांटचा नसतो. टायटॅनियम इम्प्लांटमध्ये थेट झिर्कोनियाचा अबटमेंट बसवला तर कठीण झिर्कोनिया मऊ धातू झिजवतो. झिर्कोनिया हवाच असेल तर खाली टायटॅनियमचा तळ घेऊन त्यावर तो चिकटवावा.

संगणकावरच्या विश्लेषणाची रंगीत चित्रं आता प्रत्येक शोधनिबंधात असतात. बघताना एक गोष्ट आधी तपासावी : स्क्रू, अबटमेंट आणि इम्प्लांट यांचे पृष्ठभाग चिकटवलेले आहेत की सरकू शकतात. चिकटवले असतील तर जोड उघडूच शकत नाही, आणि जे बघायचं होतं तेच चित्रातून गायब झालं. पायऱ्या दोन हव्यात, आधी स्क्रूची आवळ, मग घास. घर्षण धरायला हवं. दरीपाशी जाळी (गणितासाठी आकाराचे पाडलेले तुकडे) इतकी बारीक हवी की ती आणखी बारीक केल्यावर उत्तर बदलू नये. आणि एकट्या शिखर-ताणाच्या आकड्यावरून निकाल देऊ नये. भार असताना आणि उतरल्यावर, दोन्ही अवस्थांतला फरक काढावा. लाल रंग, म्हणजे जास्त ताण, कुठे आहे ते पुरेसं नाही. पुष्कळदा स्क्रूचा लाल भाग स्थिर असतो, तर मानेचा हिरवा भाग वरखाली होत असतो.

चाचणीला धीर लागतो. आधी नमुने एकदाच दाबून तोडायचे, मग त्या भाराच्या ८० टक्क्यांपासून खाली उतरत जायचं. किमान चार पातळ्या, प्रत्येकी किमान दोन नमुने, आणि ज्या पातळीला तीन नमुने ५० लाख आवर्तनं न तुटता पुरी करतील ती मर्यादा. कोरड्या हवेत १५ हर्ट्झला (सेकंदाला १५ आवर्तनं) ५० लाख आवर्तनांना जवळजवळ चार दिवस लागतात. मिठाच्या पाण्यात, ३७ अंशांना, २ हर्ट्झच्या वर जाता येत नाही. तिथे २० लाख आवर्तनांना साडेअकरा दिवस. म्हणून बहुतेक आकडे कोरडे असतात. तोंड कोरडं नसतं, आणि फ्लोराइड असलेल्या आंबट ओलाव्यात टायटॅनियमचा संरक्षक थर दुबळा होतो. कंपन्यांच्या आकड्यांची तुलना करताना हे बघावं, आणि चाचणी त्या मालिकेतल्या सर्वांत बारीक इम्प्लांटवर, सर्वांत कललेल्या अबटमेंटवर केली होती का तेही बघावं. सरळ अबटमेंटचा आकडा १५ किंवा २५ अंशांच्या अबटमेंटला लावता येत नाही.

डिझाइनरचं काम संपतं तिथून डॉक्टरांचं सुरू होतं, आणि साडेपाच मिलिमीटरच्या त्या हाताची लांबी शेवटी तेच ठरवतात. दाढेच्या कॅपचा चावण्याचा माथा नैसर्गिक दाढेपेक्षा अरुंद ठेवायचा. माथ्यावरचे उंचवटे चपटे, स्पर्श मधोमध. शेजारच्या मोकळ्या जागेवर कॅपचा छज्जा काढायचा नाही. नैसर्गिक दात जोराने दाबला की तो मुळाभोवतीच्या आपल्या पडद्यात २५ ते १०० मायक्रॉन दबतो, इम्प्लांट ३ ते ५. म्हणून हलक्या चाव्यात इम्प्लांटची कॅप किंचित कमी टेकायला हवी, नाहीतर दात दबून मागे सरतात आणि भार इम्प्लांटवर राहतो. त्या पडद्यातली जाणीवही इम्प्लांटला नाही. खड्याला दात चटकन आवरतो, इम्प्लांट तितका आवरत नाही. रात्री दात खाणाऱ्यांना कडक नाइट गार्ड हवाच. आपल्याकडे त्या यादीत दिवसभर गालात सुपारी धरणारेही यायला हवेत.

आणि कॅप हलायला लागली तर? बहुतेक ठिकाणी कॅपचं भोक उघडून तोच स्क्रू पुन्हा आवळला जातो. तो स्क्रू जितके दिवस ढिला होता तितके दिवस वाकत होता. त्यात चीर सुरू झाली असेल तर पुन्हा आवळल्याने ती फक्त जास्त ताणली जाते. तो फेकून द्यावा. नवा लावण्याआधी एक्सरे काढून हाड कुठवर उतरलं ते बघावं, कॅपचे स्पर्श तपासावेत, अबटमेंटच्या बैठकीवर चकचकीत घासलेली जागा आहे का ते भिंगातून पाहावं. वर्षाच्या आत दुसऱ्यांदा ढिला झाला तर दोष स्क्रूत शोधू नये. भार, बैठक किंवा मान यांपैकी एक काहीतरी बिघडलेलं असतं. स्क्रू आतच तुटला असेल तर आत उरलेला तुकडा बहुधा सैल असतो. टोकदार प्रोबने उलट दिशेने हळूहळू फिरवला तर तो पुष्कळदा निघतो. ड्रिल लावायची घाई केली तर आतले आटे जातात, आणि मग स्क्रूऐवजी पूर्ण इम्प्लांटच हाडातून कोरून काढायची पाळी येते.